बँकॉकचं पांढरं रेशीम

थायलंडला जायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे दोन मागण्या आल्या, आणि दोन्ही एकाच घरातून.

पहिली अक्काची. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. सोनगीरजवळच्या एका खेड्यात दिलेली, आणि पुढे दाजींच्या नोकरीमुळे धुळ्यात स्थिरावलेली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बुद्धाच्या देशातलं पांढरं रेशीम आण, सहावार निघेल एवढं, पोर तेच नेसून उभी राहील, असं तिने मला भाकरी वाढता वाढता सांगून टाकलं. ती विनंती नव्हती. अक्का माझ्याशी विनंतीच्या सुरात कधीच बोलली नाही.

दुसरी मागणी त्या पोरीची. भाची मला धुळ्याच्या स्टँडवर जळगावच्या गाडीला सोडायला आली. मी खिडकीशी बसल्यावर म्हणाली, “मामा, तिकडच्या नवऱ्या काय नेसतात तेवढं बघून या. आणि आल्यावर खरं सांगा. आईसमोर.”

आमच्यात लग्नात वधू पांढरी साडी नेसते. धर्मांतरानंतर आलेली ही रीत. हळद गेली, हिरवा चुडा गेला, अंतरपाट आणि मंगलाष्टकं गेली. पांढरं वस्त्र, दोन प्रतिमा, त्रिशरण-पंचशील आणि हार एवढ्यावर लग्न लागू लागलं. आजूबाजूच्या गावाला मात्र पांढरं लुगडं म्हणजे एकच गोष्ट माहीत होती. आमच्या पंचक्रोशीत पांढरं नेसून लग्नाला उभी राहिलेली पहिली मुलगी अक्का होती. तेव्हा ती सतरा-अठराची असेल. मी लहान होतो, पण मला ती वरात आठवते. ओट्या-ओट्यांवर बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, आणि एकीने मोठ्याने विचारलं होतं की नवरा लग्नाआधीच मेला का. अक्का पुढे ही गोष्ट अनेकदा सांगायची, आणि प्रत्येक वेळी शेवट तोच, आमच्या अहिराणीतला असायचा. “बठ्ठा गाव हासना व्हता, भाऊ. पन मान खाले नही घाली मी.”

भाचीचं म्हणणं वेगळं होतं. ती धुळ्यातल्या एका शाळेत नुकतीच शिकवायला लागली होती. आषाढी पौर्णिमेला, विहारात जायचं म्हणून, पांढरी साडी नेसून शाळेत गेली, तर चौथीतल्या एका मुलीने अतिशय काळजीने तिला विचारलं, बाई, तुमचे मिस्टर कधी वारले. वर्गाला ती हसून सांगू शकली, पण घरी येऊन तिने कपाटातली ती साडी खाली तळाला घातली. लग्नात तिला रंगीत साडी हवी होती. अक्का ऐकेना तेव्हा एकदा ती म्हणाली होती, “मला लग्न करायचंय. मोर्चा नाही काढायचा.” त्यावर अक्का दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

या वादात माझी नेमणूक साक्षीदार म्हणून झाली होती. मी अमळनेरला कॉलेजात शिकवायचो, राहायला जळगावला मेहरूणला. रोज गाडीत पुस्तक वाचतो एवढ्या भांडवलावर नातेवाइकांत माझा शब्द खरा मानला जाई. गाडीत मी बहुतेक वेळा झोपलेला असे, हे त्यांना माहीत नव्हतं.

आमच्या गटाला शिष्टमंडळ हे नाव अध्यक्षांनी दिलं होतं. अध्यक्ष एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. खातं सुटलं होतं, खात्याचा आवाज सुटला नव्हता. बँकॉकच्या एका विहारातले भिक्खू पूर्वी जळगावला येऊन गेले होते, त्यांनी आम्हाला बोलावलं, आणि आम्ही जळगाव-धुळ्याची वीसेक माणसं आपापल्या खर्चाने निघालो, एवढीच हकिकत होती. पण स्टेशनवर फलक लागला, हार आले, आणि स्थानिक वर्तमानपत्रात फोटो छापून आला, ज्यात कोण कोण आहे ते आम्हालाही ओळखता आलं नाही. अध्यक्षांच्या सामानात कपड्यांपेक्षा शाली आणि नारळ जास्त होते. सत्कार केल्याशिवाय आणि करून घेतल्याशिवाय देश पाहिल्यासारखा होत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

पहिलाच सत्कार विहाराच्या प्रमुखांचा झाला. त्यांनी शाल बाजूला ठेवली, आणि शेंडीचा नारळ थोडा वेळ हातात फिरवून पाहून शिष्याकडे दिला. आपल्याकडे सत्काराचा नारळ वर्षभर या समारंभातून त्या समारंभात फिरत राहतो. तिथे शिष्याने तो आत नेला, फोडला, खवला आणि दुपारच्या गोड भाताबरोबर आमच्याच पानात आणून वाढला. अध्यक्षांना ते फारसं आवडलं नाही. भात उत्तम होता.

बँकॉकमध्ये मी पहिले काही दिवस गोंधळलेलाच होतो. बुद्ध आम्ही पुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि वादांतून मिळवलेला. त्याच्यासाठी घरातले देव नदीत सोडलेले. इथे तो सोन्याने मढलेला, उदबत्त्यांच्या धुरात, आणि घरोघरी अंगणात खांबावर भुताखेतांसाठी एक छोटं देऊळ. टॅक्सीवाल्याच्या आरशाला ताईत. अध्यक्ष म्हणाले, हा काही खरा धम्म नाही. मला तसं म्हणायचा धीर झाला नाही. ज्यांच्या घरात ही गोष्ट शेकडो वर्षं आहे, त्यांना आपण परवा आलेल्यांनी तपासायचं म्हणजे जरा जास्तच होतं. शिवाय आमची माणसं तिथल्या केळ्यांचीही अशीच तपासणी करत होती. प्रत्येक घड उचलून, वास घेऊन, आपल्या रावेरकडची सर नाही, असा निकाल देऊन मग भरपूर खात होती.

खरेदीसाठी अध्यक्ष सगळ्यांना कापडबाजारात घेऊन गेले. अस्सल थाई रेशीम मिळण्याची जागा त्यांनी चौकशी करून काढली होती. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना कापडाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले, आणि दुकानात एक वयस्कर सरदारजी. त्यांनी आम्हाला बघताच हिंदीत बसायला सांगितलं, चहा मागवला आणि आमचं गाव विचारलं. जळगाव त्यांना ठाऊक होतं, कारण त्यांचा माल त्या बाजूने यायचा. अध्यक्षांनी याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी परतल्यावर होणाऱ्या सत्कारांसाठी चकचकीत कापडाच्या शाली निवडल्या, त्यावर हत्ती आणि कमळं होती. मी एका ताग्याचा काठ उलटून पाहिला. तिथे मिलचा शिक्का होता आणि शिक्क्यात सुरत होतं. सुरतची पॅसेंजर रोज माझ्या अमळनेरवरून जाते. समुद्र ओलांडून मी त्याच लाइनीवर येऊन उभा होतो.

सरदारजींनी माझं पाहणं पाहिलं आणि डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. मग हळूच म्हणाले, तुम्हाला खरं हवं असेल तर इथल्या कुणाबरोबर जा, आपल्या माणसांबरोबर जाऊ नका. धंदेवाल्याने दिलेला इतका प्रामाणिक सल्ला मला पुन्हा मिळालेला नाही.

इथलं कुणी म्हणजे विहारात रोज येणारी एक निवृत्त शिक्षिका. ती इंग्रजी शिकवायची, त्यामुळे आमचं दोघांचं इंग्रजी एकाच जातीचं, पुस्तकी आणि सावकाश होतं. पांढरं रेशीम हवं, भाचीसाठी, एवढं मी तिला सांगितलं. लग्नासाठी हे सांगायचं राहून गेलं, किंवा ते सांगायची गरज आहे असं मला वाटलं नाही. आमच्यात वयात आलेल्या मुलीसाठी पांढरं रेशीम हवं म्हटल्यावर दुसरा अर्थच निघत नाही.

ती मला नदीकाठच्या एका जुन्या दुकानात घेऊन गेली. ईशान्येकडच्या खेड्यांतून हातमागाचं कापड तिथे येत असे. लाकडी फळ्यांवर घड्या रचलेल्या. काही कापडांवर नक्षीच्या कडा विरघळल्यासारख्या, कारण सूत विणण्याआधीच गाठी मारून रंगवलेलं. तसं आपल्याकडे पाटणचं पटोळं असतं. कोपऱ्यात न रंगवलेल्या रेशमाच्या लडी टांगल्या होत्या, त्या चक्क पिवळ्या होत्या, पिकल्या आंब्याच्या सालीसारख्या. तिकडचा किडा सूतच पिवळं काढतो, असं शिक्षिकेने सांगितलं. पांढरं हवं असेल तर उकळून त्याचा पिवळेपणा काढावा लागतो.

दुकानाची मालकीण साठीची असावी. शिक्षिकेने तिला माझी मागणी सांगितली. तिने माझ्याकडे पाहिलं, हात जोडले, डोळे मिटून काहीतरी म्हणाली, आणि त्यातला ‘अनुमोदना’ हा शब्द मला कळला. मी भारावलो. भाचीच्या लग्नाला परक्या देशातल्या बाईने मनापासून अनुमोदन द्यावं, याहून धम्माचं नातं वेगळं काय असतं, वगैरे माझ्या मनात येऊन गेलं. एरवी अशा वाक्यांची मी चेष्टा करतो. बाई आत गेली आणि पांढऱ्या सुती कपड्यांचा जोड घेऊन आली. लांब हातांचा साधा सदरा, नेसायचं पांढरं कापड, खांद्यावर घ्यायचं पांढरं वस्त्र. रेशीम कशाला, असं ती म्हणत होती, या कामाला सुतीच बरं. आणि खांद्यावरचं वस्त्र माझ्याकडून, पुण्य मलाही लागू दे.

मग तिने एक प्रश्न विचारला आणि शिक्षिकेने तो मला तसाच सांगितला.

“ती विचारते, मुलगी देवळात किती दिवस राहणार? की कायमची?”

मला समजायला वेळ लागला. त्या देशात पांढरं नेसतात त्या संसार सोडून विहारात राहणाऱ्या बायका, किंवा उपोसथाला, म्हणजे पौर्णिमा-अष्टमीच्या व्रताला, शील घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या. मी दुकानात जाऊन, माझ्या तरण्या भाचीला संन्यास घ्यायचाय, चांगलं कापड दाखवा, असं म्हणालो होतो. मी लग्न म्हटल्यावर शिक्षिकेचाही चेहरा पडला. तिने ते मालकिणीला सांगितलं. मालकिणीने तोंडावर हात घेतला आणि खांदे हलायला लागले, तेव्हा ती हसतेय हे कळलं. तिने जोड उचलून आत ठेवला. पुण्य परत गेलं.

लग्न म्हटल्यावर तिचं सगळं दुकान बदललं. भराभर घड्या उलगडू लागल्या. जरीच्या वेलबुट्टीच्या, पोपटी, शेंदरी, मोरपंखी. एका लाकडी पुतळ्याला नवरीचा वेष घातलेला होता, तो तिने पुढे ओढला: कमरेपासून नेसायचं सोनेरी वस्त्र, एका खांद्यावरून टाकलेला त्याच रंगाचा शेला, कमरेला पट्टा. नवऱ्या हे नेसतात, ती म्हणाली. मुलीचा जन्मवार कुठला? वाराप्रमाणे रंग असतो, तो अंगाला लाभतो. भाचीचा जन्म शनिवारचा, तेवढं मला माहीत होतं. शनिवार म्हटल्यावर तिने जांभळं कापड काढलं.

मी त्या जांभळ्या कापडाकडे बघत राहिलो. आम्ही पत्रिका फाडून बुद्धाकडे आलो होतो, आणि बुद्धाच्या घरी दारातच आम्हाला वार विचारला गेला. हे मी शिक्षिकेला माझ्या पुस्तकी इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. ती सरळ म्हणाली, वार बुद्धाच्या आधीपासूनचे आहेत, ते आम्ही सोडले नाहीत, आम्हाला कुणी सोडायला सांगितलेच नाहीत. मग तिने, तुमच्यात नवरी पांढरं का नेसते, असं विचारलं. मी बोलायला सुरुवात केली, आणि अर्ध्या वाक्यात लक्षात आलं की यासाठी मला गाव सांगावं लागेल, गावाबाहेरची वस्ती सांगावी लागेल, पाणवठा सांगावा लागेल. मी म्हणालो, आमच्या बहिणीची इच्छा आहे. तिने मान डोलावली. बहिणींच्या इच्छा तिथेही असाव्यात.

निघताना शिक्षिकेने अजून एक गोष्ट सांगितली. आता शहरातल्या नवऱ्या सकाळी भिक्खूंसमोर रंगीत नेसतात, आणि संध्याकाळी हॉटेलातल्या जेवणाला पांढरा झगा घालतात. सिनेमातल्यासारखा.

मी पांढरं रेशीमच घेतलं. मागणी तीच होती. उकळून पिवळेपण काढलेलं, जरासं खडबडीत, उजेडात धरलं तर मोत्यासारखं. जांभळं घेतलं नाही. ग्रहांना माझ्याकडून एवढासुद्धा महसूल द्यायचा नव्हता.

परत आल्यावर जळगावला आमचा सत्कार झाला. हत्ती-कमळांच्या शाली पाहुण्यांच्या खांद्यावर पडल्या, आणि अध्यक्षांनी थायलंडमधल्या विणकरांच्या साधनेबद्दल बोलताना बराच वेळ घेतला. मी शाल घरी आणून घडी केली. सुरतेच्या मानाने कापड वाईट नव्हतं.

पुढच्या रविवारी धुळ्याला गेलो. अक्काने हात धुतले, पुसले, मग रेशमाला हात लावला. भाचीला उभं केलं आणि तिच्या अंगावरच नेसवून पाहिलं. तिकडच्या मागाचा पन्हा लहान. भाची दाजींवर गेलेली, उंच. निऱ्या धरल्या तर पायाचे घोटे उघडे राहिले.

“खाली जोड लावू,” अक्का म्हणाली. “पांढऱ्याला पांढरा. दिसणार नाही.”

भाची कापडात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. “मामा, तुम्ही काय बघितलं ते सांगा आता.”

मी सगळं सांगितलं. नवरीचं सोनेरी वस्त्र सांगितलं, शील घेणाऱ्या बायकांचं पांढरं सांगितलं, माझ्या मूर्खपणासकट दुकान सांगितलं. दाजी हसले, अक्का हसली नाही. जन्मवाराचं जांभळं सांगितल्यावर भाची म्हणाली, जांभळा मला मुळीच आवडत नाही, मला डाळिंबी हवा. खरं सांगायचं कबूल केलं होतं म्हणून मी पांढरा झगाही सांगितला.

“म्हणजे नेसतात,” अक्का लगेच म्हणाली.

“संध्याकाळी. हॉटेलात. तो सिनेमातून आलेला झगा आहे अक्का.”

“कुठून का येईना. पांढरा आहे ना?”

अक्का भाचीच्या कमरेवरची निरी पुन्हा पुन्हा सारखी करत होती. मग तिने निरीकडे बघतच बोलायला सुरुवात केली, आणि हे बोलणं माझ्याशी होतं. त्या बायका रंगीत नेसतात, कारण त्यांना कुणी कधी काही टाकायला लावलं नाही. त्या जन्मल्या तेव्हाच बुद्धाच्या होत्या. त्यांना ओट्यावरून कुणी हसलं नाही. त्यांना काय, कुठलाही रंग चालतो. आपल्याला चालतो का?

“आई,” भाची म्हणाली, “मीपण जन्मले तेव्हाच होते.”

ती हळू म्हणाली. वाद घालण्याचा सूर त्यात नव्हता, ती फक्त आईला एक माहिती देत होती. अक्काचा हात निरीवर थांबला. तिने वर मुलीकडे पाहिलं, आणि मला वाटतं तिला त्या क्षणी खरोखरच हे प्रथम लक्षात आलं. आपण ज्या गावातून चालत गेलो, त्या गावातून ही पोर कधी चाललेलीच नाही. तिला ते चालावं लागू नये म्हणूनच तर आपण चाललो होतो. हे मी माझ्या शब्दांत लिहितोय. अक्का तसलं काही बोलली नाही. तिने कमरेची गाठ सोडली, कापड काढून घेतलं, घडी घातली आणि आत चहा टाकायला गेली. बऱ्याच वेळाने तिकडून आवाज आला, डाळिंबी म्हणजे फार गडद घेऊ नकोस, तुझ्या रंगाला मारतो.

लग्न धुळ्यातच झालं. आमच्या लग्नांत विधीपेक्षा भाषणं लांब असतात, आणि अध्यक्ष प्रमुख पाहुणे होते. भाची डाळिंबी साडीत होती. अक्का तिच्या मागे, त्या बँकॉकच्या रेशमात. अक्का ठेंगणी, तिला पन्हा बरोबर पुरला होता. शेजारच्या पाटलांकडच्या बायका आल्या होत्या, त्यांच्या नजरा अक्कावरून दाजींकडे आणि दाजींवरून पुन्हा अक्काकडे जात होत्या. दाजी धडधाकट होते आणि अक्षता म्हणून वाटायच्या फुलांची टोपली सांभाळत होते.

अध्यक्षांनी वधूकडे पाहिलं आणि त्यांच्या भाषणाला दिशा मिळाली. आपण स्वतः बौद्ध राष्ट्राचा अभ्यासदौरा करून आलो आहोत. तिथे शुभ्र वस्त्राचं पावित्र्य कसं जपलं जातं ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि इथे मात्र शिकलेल्या मुलींना रंगाचा मोह आवरत नाही, हे चळवळीचं दुर्दैव आहे. भाचीने मान खाली घातली. मी उठायला लागलो, कारण पुरावा माझ्याकडे होता. पण अक्का आधीच उठली होती. भर मांडवात बाई भाषणाच्या मध्ये उभी राहिली म्हणून माइकवाल्याने आपणहून आवाज कमी केला.

“पांढरं मी नेसेल शे, साहेब,” ती म्हणाली. “एक घरमां एक बस शे. आते लगीन व्हऊ द्या.”

एका घरात एकीने पांढरं नेसलेलं पुरे, एवढं सांगून तिने पुढे होऊन भाचीची हनुवटी वर केली, पदर नीट केला आणि जागेवर जाऊन बसली. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. लग्न लावायला आलेल्या भन्तेजींनी त्या संधीचा फायदा घेतला आणि त्रिशरण सुरू केलं, त्यामुळे त्या दिवशी लग्न वेळेवर लागलं. आमच्याकडे असं सहसा होत नाही.

पाठवणी झाल्यावर मांडव रिकामा झाला तेव्हा अक्का खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. रेशमावर वरणाचा एक डाग पडला होता, तो ती ओल्या बोटाने पुसत होती. मी शेजारी बसलो.

“भाऊ,” ती म्हणाली, “तिकडे लग्नात नवरीची आई काय नेसते?”

मला माहीत नव्हतं. मी दुकानात नवरीचंच विचारलं होतं.

“इतक्या लांब गेलास,” अक्का म्हणाली, “आणि तेवढं नाही विचारलंस.” आणि डाग पुसत राहिली.